वही उघडण्याआधी

चांदवड,
गुरुवार, २९ जानेवारी २०२६

ती. वन्संना,

इंदिराचा नमस्कार. खरं तर वाकून करायचा, पण आज गुडघे वाकायला तयार नाहीत. बसल्या जागेवरूनच गोड मानून घ्या.

हे पत्र गॅलरीत बसून, मनातल्या मनात वाचा. तुम्हाला ऐकू कमी येतं म्हणून तुम्ही पेपरसुद्धा मोठ्यानं वाचता, आणि ह्यांचं बाकी काही चालत नसलं तरी कान शाबूत आहेत. फोन केला नाही तो याचसाठी. तुम्ही स्पीकर लावणार, आणि मी जे तुमच्याशी बोलायचं ते आधी ह्यांच्या कानावर पडणार. हारुन उद्या सकाळी सायकलचे टायर आणायला टेंपो घेऊन नाशिकला येतोय, त्याच्याच हाती पाठवते. तो आमच्या सायकल-सहलीचा टेंपोवाला आणि मेकॅनिक. त्याला चहा द्या, दोन चमचे साखर घेतो.

रविवारी माघी पौर्णिमा. येवल्याकडचे यजमान सकाळीच येतील. विधी गुरुजी करतील, पण वंशावळीची वही घरातून तुम्हालाच काढून द्यावी लागेल. कपाटातली वरून दुसरी, लाल कापडाची. तिच्या अगदी शेवटी आपल्या स्वतःच्या घराचं पान आहे. मामंजींच्या नावाखाली तिथे एक ओळ वाढली आहे. ती माझ्या हातची आहे. मी सांगायच्या आत तुम्ही ती वाचलीत तर तुम्ही माझं तोंड बघणार नाही, आणि या वयात मला तुमच्याशिवाय दुसरं माणूस नाही. म्हणून हा पत्राचा खटाटोप. पण एकदम त्या ओळीवर यायला जीव होत नाही. थोडा दम खाऊ द्या.

सोमवारी मी निघाले तेव्हा तुम्ही म्हणालात, की चौसष्टाव्या वर्षी सायकल म्हणजे हाडं मोडून घ्यायची हौस. हाडं अजून जागेवर आहेत. बाकी सगळं दुखतंय. आपल्या लेकीनं, यशश्रीनं, स्वतःसाठी ही सहल ठरवली होती, तिला बंगलोरहून रजा मिळाली नाही आणि तिनं परस्पर माझं नाव घातलं. एवढं तुम्हाला माहीत आहे. माहीत नाही ते सांगते. दोन महिने मी पहाटे काळारामाला काकडआरतीला जाते म्हणून सांगत होते ना, ती मी गंगापूर रोडला शेजारच्या वेदिकाची सायकल चालवत होते. रामानं मला नोव्हेंबरपासून पाहिलेलं नाही. सटाण्याला शाळेत असताना मी चार मैल सायकलनं जायची, ते पायांना आठवलं. मलाच नवल वाटलं.

आम्ही सगळे मिळून नऊजण आहोत. पुण्या-मुंबईची माणसं, दोघं बडोद्याचे. चैताली म्हणून एक मुलगी ही सहल नेते, यशश्रीच्या वर्गातली. तिचं एकच पालुपद, पोचायची घाई नाही. दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर, मधे देऊळ, किल्ला, बारव काहीतरी बघायचं, आणि दुपारी गावातल्या एखाद्या घरी जेवायचं. पहिल्या दिवशी नांदूर मध्यमेश्वरला पाण्याकाठी बसून पक्षी पाहिले. पक्षी छान होते. मी मात्र पाठ टेकली आणि झोपून गेले. उठले तेव्हा लोक दुर्बिणी आवरत होते. चैताली म्हणाली, काकू, तुमचं तिकीट वसूल झालं का, आणि मी म्हटलं, आत्ताच झालं.

जेवणाचं सांगू का. निफाडकडे ज्वारीची भाकरी, पिठलं आणि पाट्यावरचा ठेचा. येवल्याला कढी आणि डाळीचे वाफवलेले फुनके. अनकाईच्या पायथ्याशी हुरडा, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. त्यातलं काहीएक आपण घरी करत नाही असं नाही. पण तव्यावरून उतरलेली भाकरी कोणीतरी माझ्या ताटात टाकली आणि मी ती गरम असताना खाल्ली. चार वर्षं मी ह्यांना भरवून, पुसून, कूस बदलून मग जेवते. गार जेवण्याची मला इतकी सवय झाली होती, की पहिल्या घासाला जीभ भाजली. मी तिथंच रडायला लागले. बडोद्याच्या बाईंना वाटलं ठेचा तिखट लागला. त्यांनी मला गूळ दिला.

चढाला मी टेंपोत बसते, हेही कबूल करून टाकते. अनकाई-मनमाडच्या चढाला हारुन मागून आला आणि म्हणाला, ‘मावशी, रोडशी भांडू नका. गियर हलका करा, नाय तर सरळ गाडीत या. इथं कोन बघतंय?’ पूर्वी तो येवल्याला पैठणीच्या मागावर बसायचा, डोळे बिघडले म्हणून हे काम धरलं. मी टेंपोत बसले आणि सायकल मागे आडवी पडली. मला काडीची लाज वाटली नाही.

आता एक गंमत. तुम्हालाच कळेल अशी. लग्न होऊन आले तेव्हापासून ही सगळी गावं मी ऐकत आले. निफाड, विंचूर, लासलगाव, येवला, चांदवड. पण ती माझ्यासाठी कधी गावं नव्हतीच, वहीतली पानं होती. यजमान दारात आला, की त्यानं गाव सांगायचं, आडनाव सांगायचं, आणि ह्यांनी पान काढून त्याच्या सात पिढ्या त्याच्यापुढे मांडायच्या. कोण कधी गंगेवर येऊन गेलं, कोणाचं श्राद्ध कोणी केलं, कोण निपुत्रिक गेलं. ह्यांचा उजवा हात आणि वाचा गेल्यापासून हे सगळं मी करते. बायकांनी वहीला शिवायचं नाही अशी आपल्याकडची रीत. तुम्ही तर लहानपणी दाराआड बसून ह्यांच्या आधी पानंच्या पानं पाठ केलीत, आणि तुम्हाला मामंजींनी टाक धरू दिला नाही. मला कोणी विचारलंच नाही. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी लिहायला लागले.

तर मी सायकलवरून चाललेय आणि रस्त्याकडेला गावाची पाटी आली, की माझ्या डोक्यात पान उघडतंय. पारावर चार म्हातारे बसलेले दिसले की वाटतं, यांचे पणजे मला ठाऊक आहेत. यांना मी ठाऊक नाही. काल तर एका शाळकरी मुलीनं आडनाव सांगितलं आणि मी तिला तिच्या खापरपणजोबाचं नाव सांगून बसले. ती घाबरून आईकडे पळाली.

आज दुपारचं जेवण चांदवडच्या अलीकडे एका गावात होतं. गावाचं नाव लिहीत नाही, नाही तर तुम्ही पत्र टाकून आधी पान काढाल. घर साधंच, पुढे पत्र्याची पडवी. चुलीवर उलटं खापर मांडलेलं आणि भागुबाई म्हणून सत्तरीची बाई हातावर मांडे वाढवत होती. अहो, कोपरापर्यंत यायचा एकेक मांडा, पुरणाचा, आणि फाटायचा नाही. नवरा पाटावर बसून आम्हाला तूप वाढत होता. वाळलेला, काटक, डोक्याला टोपी. चैतालीनं ओळख करून दिली, हे गेणूबाबा.

मी पूर्ण नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, गेणू म्हादू शेळके.

सवय वाईट. तोंडात मांड्याचा घास, आणि मी सुरू झाले. गेणू बिन म्हादू बिन संतू बिन राघू. राघू शके सतराशे नव्वदला आले होते, बरोबर दोन बायका होत्या. संतूंचा धाकटा भाऊ पटकीनं गेला. सगळे जेवायचे थांबले. म्हातारा तुपाची वाटी धरून माझ्याकडे बघत राहिला. आणि बोलता बोलता मला ते पानच डोळ्यांपुढे दिसलं आणि मी हातातला मांडा ताटात ठेवला.

कारण त्या पानावर गेणूच्या नावामागे कै. लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे. तीन वर्षांपूर्वीचं.

मला ती दुपार आठवली. त्यांचा पुतण्या आला होता, बापाच्या अस्थी घेऊन. बापाचं नाव लिहून झाल्यावर म्हणाला, काकाचं बी लिहा, गेणू म्हादू. मी तिथी विचारली. तो म्हणाला, तीच धरा. आता दोन भाऊ एकाच तिथीला जातात का? ह्यांनी चार प्रश्न विचारले असते. पण आदल्या दिवशी ह्यांची नळी तुंबली होती, रात्र दवाखान्यात गेली होती, मला समोरचं अक्षर दिसत नव्हतं. मी लिहिलं. लिहून झाल्यावर आपल्या रीतीप्रमाणे सगळी ओळ मोठ्यानं वाचली. पुतण्या म्हणाला, बरोबर. त्याच्याखाली त्याची सही घेतली आणि वही मिटली.

आणि हा माणूस माझ्या ताटात तूप वाढतोय.

लपवता आलं असतं. पण गेणूबाबांनीच विचारलं, ‘काकू, माझ्याम्होरं काय लिवलंय?’ मी सांगितलं. हात जोडले. वाटलं आता भांडण होणार. शेळक्यांच्या घरात पाच पिढ्यांत कोणी आपल्याला उणा शब्द बोललं नव्हतं, आणि मी त्यांचं जिवंत माणूस मारून ठेवलं होतं.

गेणूबाबा हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला. ‘म्हंजी माझं पिंडबी दिल्यालं असंल. तरीच म्हनलं, अलीकडं भूक लय लागत नाय.’

भागुबाईनं खापरावरचा मांडा उलटला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘त्याला बोल लावू नका, पुतन्याला. मीच म्हनले व्हते.’

चैताली बाकीच्यांना घेऊन बारव बघायला गेली. मी मागे राहिले. पाय दुखतात म्हटलं, ते खोटंही नव्हतं. मग भागुबाईनं सांगितलं. गेणूबाबा तेरा महिने अंथरुणाला खिळून होते. कमरेखाली काही राहिलं नव्हतं. मुलगा-सून नोकरीला गुजरातेत. ती एकटी. दीर वारला तेव्हा पुतण्या नाशिकला निघाला, आणि ती त्याला म्हणाली, ह्याचं पण नाव लिहून ये, चार दिवसांत जायचाच आहे, दुसरी फेरी कशाला. ‘कटाळले व्हते बाई,’ ती म्हणाली. ‘देवाला बी सांगितलं व्हतं, ने बाबा, मला आता हुभं राहवत नाय. पुतन्या परत आला, म्हनला लिवलं. त्या दिशी मी गाढ झोपले. आन दोन महिन्यांनी हा उठून बसला.’

मी विचारलं, त्यांना हे कधी सांगितलंत?

‘लगीच सांगितलं. पोटात ऱ्हाईना. आधी हसला. मंग रडला. मंग म्हनला, भाकर वाढ.’

मी गेणूबाबांकडे बघितलं. विचारू की नको असं झालं, पण विचारलं, राग नाही आला? ते टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, ‘राग कशाचा? मारलं बी तिनं आन जगवलं बी तिनंच. दुसऱ्या कोनाला येळ व्हता?’

वन्सं, मी तिथून उठले आणि सायकल हातात धरून चांदवडपर्यंत चालत आले. चार किलोमीटर. होळकरांचा रंगमहाल सगळ्यांनी पाहिला, लाकडावरचं नक्षीकाम काय सुंदर आहे म्हणतात. मी बाहेर कट्ट्यावर बसून होते. हारुननं पाणी आणून दिलं. तेव्हाच ठरवलं की आज लिहायचं.

आता ती ओळ.

भाद्रपदातली गोष्ट. पितृपंधरवड्याचे ते दिवस कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. सकाळी सहापासून दारात माणसं. त्यात ह्यांचं करायला येणारी सुहाना चार दिवस येणार नव्हती, तिच्या आईचं ऑपरेशन होतं. ह्यांना उचलणं, धुणं, सगळं माझ्या एकटीवर. एक हात वहीत, एक हात ह्यांच्या चादरीत. सर्वपित्रीला दुपारी तीनला शेवटचे यजमान गेले. त्या दिवशी मी सत्तावन्न गेलेली माणसं लिहिली होती. ह्यांची चादर तिसऱ्यांदा बदलली आणि वही आवरायला बसले. बसल्यावर उठवेना. पानं चाळता चाळता आपलं पान आलं. मामंजींचं नाव ह्यांच्या अक्षरात. त्याखाली जागा मोकळी.

मी पेन उचललं आणि लिहिलं. कै. वेणीमाधव त्र्यंबक. तिथीची जागा कोरी ठेवली.

रागानं नाही लिहिलं. वाईट चिंतूनही नाही. मला सांगता येत नाही वन्सं, पण दिवसभर ज्यांची नावं लिहीत होते त्यांचं सगळं संपलेलं होतं, त्यांच्या घरचे लोक माझ्यासमोर बसून चहा पीत होते, बसच्या वेळा बघत होते. मला त्यांचा हेवा वाटला. माझं कधी संपेल असं वाटलं. एवढंच. मी हे कधी कोणाला बोलले नाही. सगळे म्हणतात इंदिरानं काय सेवा केली, आणि मी मान हलवते.

इथेच थांबता आलं असतं तर बरं होतं. तुम्ही मला दोन शिव्या दिल्या असत्या आणि मी ऐकल्या असत्या. पण अजून आहे. तेच लिहायचं टाळत मी तुम्हाला मांडे आणि हुरडा सांगत बसले.

लिहून झाल्यावर सवयीनं मी ओळ मोठ्यानं वाचली. दिवसभर वाचत होते तशीच. ह्यांचा पलंग सहा फुटांवर. डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोपलेत. मी वाचलं, ‘कैलासवासी वेणीमाधव त्र्यंबक.’

आणि पलंगावरून आवाज आला, ‘बरोबर.’

स्पष्ट. घसा बसलेला होता पण शब्द पूर्ण. मी वर बघितलं. ह्यांचे डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच होते. मी वही मिटली, स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. परत आले तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

चार वर्षं तुम्ही दर रविवारी फोन करता आणि पहिला प्रश्न असतो, काही बोलला का गं वेणू? तुम्ही त्याच्या एका शब्दासाठी सप्तशृंगीला नवस बोललात, गुडघ्यांची ती अवस्था असताना. आणि तो बोलला. भाद्रपदात बोलला. मी तुम्हाला चार महिने दर रविवारी नाही म्हणून सांगत आले. तुमच्या भावाचा शब्द मी चोरून ठेवला. कारण बोलला म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, काय बोलला? आणि कशाला बोलला?

मला त्याचा अर्थ लागत नाही. डॉक्टरांना मी आडून विचारलं. ते म्हणाले, जन्मभराच्या सवयीचा एखादा शब्द असा आपोआप निघू शकतो, त्यात अर्थ शोधू नका. असेल तसं. ह्यांनी पन्नास वर्षं ओळ वाचली की समोरून ‘बरोबर’ ऐकलं. पण मी त्यांचे डोळे पाहिलेत. त्यांना माझ्यावर दया आली होती का? की ते मला सांगत होते, लिही, मीही वाट बघतोय? की बायकोनं आपल्याला मारून टाकलं हे कळून ते नुसते हतबल झाले होते? मी नंतर किती वेळा वेगळी पानं घेऊन त्यांच्याजवळ बसले. देवळालीचं, वणीचं, पेठचं. मोठ्यानं वाचलं आणि थांबले. ते नुसते बघत राहिले. मग माझ्याच्यानं ते बघणंही सोसेना. मी भरवते, पुसते, पण डोळ्याला डोळा देत नाही. यशश्रीनं सहलीचं विचारलं आणि मी एका मिनिटात हो म्हटलं, ते यासाठी. सगळ्यांना वाटलं, बिचारी, जरा विसावा घेईल. मी त्या नजरेपासून पळाले होते.

आणि पहिले दोन दिवस, खरं सांगते, परत जाऊच नये असं वाटत होतं. सटाण्याला भावाकडे फोन करून चार दिवस येते असं म्हणायचं, आणि मग चाराचे चाळीस करायचे. रस्ता समोर होता. सायकल होती. नांदूरला झोपून उठले तेव्हा मी कोणाची कोण आहे हेच क्षणभर आठवलं नाही, आणि ते किती बरं वाटलं म्हणून सांगू.

पण मी येतेय. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत येते. कर्तव्य वगैरे म्हणून नाही, ते शब्द आता माझ्याच्यानं उचलवत नाहीत. मला त्यांच्यापुढे बसून सांगायचंय, की मी लिहिलं, आणि मी थकले होते. भागुबाईनं सांगितलं तसं. त्यांना बोलता येत नाही, म्हणजे ऐकून घ्यायचा हक्क गेला असं नाही. हे मला चार महिने सुचलं नाही.

तुमच्याकडे माझं मागणं आहे. ती ओळ खोडायची, पान फाडायचं की तशीच ठेवायची, ते तुम्ही ठरवा. घर तुमचं आहे, वही तुमच्या बापाची आहे, आणि मी ठरवून ठरवून दमले. टाक तुमच्या हातात कोणी दिला नव्हता, तो मी देते. आणि रविवारी यजमान गेल्यावर तुम्ही स्वतः ह्यांच्याजवळ बसा आणि जुनी पानं वाचा. दाराआड बसून पाठ केलेली. माझ्या आवाजाला ते काही बोलले नाहीत. तुमच्या आवाजाला बोलतीलही. बोलले, तर मला आल्याबरोबर सांगा. तुम्ही माझी लपवाछपवी नकळत चार महिने सोसलीत, मी सोसणारी नाही.

आणि सोमवारचं तुमचं पुण्याचं तिकीट रद्द करा. तुम्ही चौऱ्याहत्तरच्या आहात, तुमचे गुडघे गेलेत, तुमच्यानं काही उचलवत नाही, सगळं मला माहीत आहे. उचलायला सुहाना आहे आणि मी रात्रीचीही एक बाई लावणार आहे, यशश्री पैसे देते म्हणून दोन वर्षं मागे लागली आहे, मीच अडून बसले होते. तुम्ही नुसत्या घरात राहा. मला एकटीनं होत नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय.

हे सगळं वाचून तुम्हाला माझं तोंड बघवत नसेल, तर हारुनजवळ चिठ्ठी द्या. एक ओळ पुरे. मी तशीच सटाण्याला जाईन आणि तुम्हाला दोष देणार नाही. चिठ्ठी आली नाही तर येते.

आता सही. ती ओळ लिहिल्यापासून मी बँकेत, दवाखान्यात, यशश्रीला पाठवलेल्या खाऊच्या डब्यावर, सगळीकडे नुसतं इंदिरा लिहिते. नावामागचं ते एक अक्षर लिहायला हात धजत नव्हता. माझा मला तो हक्क वाटत नव्हता. आज पाच मिनिटं पेन धरून बसले होते, आणि मग मनात आलं, माणूस घरात आहे, श्वास चालू आहे, माझ्यावर त्याचा राग असला तरी तो राग करणारा जिवंत आहे.

तुमची,
सौ. इंदिरा वेणीमाधव